रानडे आजोबांच्या घरातला अलार्म

"मॅडम, फार काही नको. उपकरण सदोष आहे, एवढं एका ओळीत लिहून द्या. बाकीचं मी बघते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर राखाडी प्लॅस्टिकचा एक डबा होता. लाइटच्या वायरी जोडायला भिंतीवर बसवतात तसला. झाकणाला भोकं पाडलेली. आत एक सेन्सर, एक छोटं सर्किट आणि एक बझर. झाकणावर मार्करने लिहिलं होतं, 'हाक'. टेबलाच्या पलीकडे नववीतली दोन मुलं उभी होती, मनस्वी आणि आदित्य. ती माझ्याकडे बघत होती, तो डब्याकडे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमचं काम गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करायचं. कारखान्यात विषारी गॅस सुटला तर वाजणारी यंत्रं असतात, ते डिटेक्टर. त्यांच्यावर आम्ही ठराविक प्रमाणाचा गॅस सोडतो आणि यंत्र तेवढाच आकडा दाखवतंय का ते बघतो. चुकत असेल तर दुरुस्त करतो. वजनकाटा तपासायला माणूस येतो ना, तसंच. या कामात माझे केस पांढरे झाले आहेत.

शाळा नौपाड्यातली. शाळेचे एक ट्रस्टी आमच्या साहेबांच्या, सावंत सरांच्या ओळखीचे. सर मला म्हणाले होते, "कर्णिक, जाऊन या. मुलांचं प्रोजेक्ट आहे, त्यांना दुखवू नका, पण काय ते लिहून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

प्रकरण असं होतं. शाळेत समाजसेवेच्या तासाला मुलांनी आपल्या भागातली एखादी गरज शोधायची आणि तिच्यावर काहीतरी करायचं, असा उपक्रम होता. मनस्वीच्या गटाने एकटे राहणारे म्हातारे लोक निवडले. त्यांच्या घरात हा डबा बसवायचा. गॅस गळला किंवा धूर झाला की बझर वाजणार आणि शेजाऱ्यांना, मुलामुलींना मोबाइलवर मेसेज जाणार. नौपाड्यात आणि खोपटला मुलांनी स्वतः घरं शोधून डबे बसवले होते. सगळे डबे गप्प होते. फक्त खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, रानडे आजोबांच्या घरातला डबा सकाळी सकाळी बोंब मारत होता. शेजारी वैतागले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे शाळेत येऊन बरंच काही बोलून गेले. मुलं म्हाताऱ्या माणसांना घाबरवतात, उद्या कोणाला अटॅक आला तर जबाबदार कोण, वगैरे. शाळेने प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलं होतं. त्यासाठी बाहेरच्या जाणकाराचा कागद हवा होता.

खरं सांगायचं तर मी तो कागद द्यायच्या तयारीनेच गेले होते. डब्यातला सेन्सर मला चांगला ठाऊक होता. अगदी स्वस्तातला. तो कार्बन मोनॉक्साइड ओळखतो खरा, पण त्याला दमट हवा चालत नाही, सेंटचा वास चालत नाही. कशानेही वाजतो.

मी मुलांना विचारलं, "आजोबा अगरबत्ती लावतात?"

"लावतात, पण संध्याकाळी," मनस्वी म्हणाली. "डबा सकाळी वाजतो."

"मग अंघोळीची वाफ असेल."

"ते गार पाण्याने अंघोळ करतात, मॅडम. बारा महिने."

"डेपोतल्या गाड्यांचा धूर?"

"आम्हाला पण तेच वाटलेलं. म्हणून डेपोच्या साइडच्या खिडकीत लावून बघितला. तिकडे नाही वाजत. बाथरूमच्या बाहेर पॅसेज आहे ना, तिथेच वाजतो."

"म्हणजे हा डबाच बिघडलेला आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आता आदित्य पहिल्यांदा बोलला. "नाही बाई. आम्ही डबे बदलले. आजोबांचा डबा माझ्या घरी लावला, तर तो गप्प. माझ्या घरचा आजोबांकडे लावला, तर तो वाजायला लागला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. संशय आलेलं यंत्र चांगल्या जागी न्यायचं आणि चांगलं यंत्र संशयाच्या जागी. दोष यंत्रात आहे की जागेत, ते लगेच कळतं. आमच्याकडे इंजिनीअर झालेल्या मुलांनाही हे सांगावं लागतं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," आदित्य म्हणाला. "आमचा टीव्ही चालत नव्हता तेव्हा पप्पांनी शेजारचा रिमोट आणून बघितलेला."

मुख्याध्यापिका हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आजोबांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. सकाळी डोकं दुखतं म्हणतात. मळमळतं पण. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिलीय."

"आणि दुपारी?"

मनस्वीने आदित्यकडे बघितलं. "दुपारी बरं वाटतं त्यांना. रोज दुपारी आम्हाला फोन करतात."

कार्बन मोनॉक्साइडला, आम्ही त्याला सीओ म्हणतो, रंग नाही, वास नाही. काहीही जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो. श्वासातून रक्तात जातो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. माणसाला वाटतं, जरा थकवा आहे, पित्त झालंय. जास्त झाला तर काही वाटायलाही माणूस शुद्धीवर राहत नाही. सकाळी डोकं दुखणं, दुपारी बरं वाटणं, आणि त्याच वेळी वाजणारा डबा. यांतलं एकेक सुटं ऐकलं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं.

"बाई, मी आत्ता काही लिहून देत नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी माझा मीटर घेऊन त्या घरी जाते. आजोबांना फोन करा. उद्या उठल्यावर बाथरूमचं दार घट्ट लावून बाल्कनीत बसायला सांगा."

शाळेबाहेर येऊन सरांना फोन केला.

"कर्णिक, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सर, सीओ असू शकतो."

"कशावरून? पोरांच्या डब्यावरून?"

मी डबे बदलल्याचं सांगितलं. आजोबांच्या डोकेदुखीचं सांगितलं. सर म्हणाले, "पंपवाला मीटर घेऊन जा. आणि कुठेही एकट्या आत शिरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका आणि दोन्ही मुलं बिल्डिंगखाली माझी वाट बघत होती. म्हात्रेही होते. पन्नाशीचे, धिप्पाड, गळ्यात जाड चेन. बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या जागेवर उभी राहिलेली, त्यामुळे तीन-चार फ्लॅट त्यांच्याच नावावर.

"मॅडम, उगाच त्रास घेतलात. डेपोचा धूर आहे तो. आम्ही जन्मापासून खातोय."

"असेलही. बघून घेऊ या."

रानडे आजोबा दुसऱ्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, बारीक अंगाचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. सांगितल्याप्रमाणे ते बाल्कनीत बसले होते. मला म्हणाले, "मुलांना रागावू नका हो. मला त्या डब्याची सवय झाली आहे."

मी मीटर चालू केला. डेपोच्या बाजूची बाल्कनी, शून्य. खाली गाड्या सुरू होत होत्या, तरी शून्य. हॉल, शून्य. स्वयंपाकघर, शून्य. पॅसेजमध्ये किरकोळ आकडा आला.

"बघा," म्हात्रे म्हणाले.

मी बाथरूमचं दार उघडलं.

आकडा चढायला लागला. कारखान्यात आम्ही पस्तीसला पहिला अलार्म ठेवतो. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर मागे पडला. मागे पॅसेजमध्ये मुलांचा डबा किंचाळायला लागला, पाठोपाठ माझा मीटरही. बाथरूममध्ये काय होतं? एक बादली, एक स्टूल, एक नळ. गीझर नाही, शेगडी नाही, जळण्यासारखं काहीच नाही.

वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी होती. स्टुलावर चढून मी मीटरची नळी त्या पट्ट्यांतून बाहेर सोडली. पंप बाहेरची हवा ओढायला लागला आणि आकडा शंभर, दोनशे ओलांडून वर जात राहिला. एवढा आकडा मी आयुष्यभर लॅबमध्ये सिलिंडर लावून पाहिला होता. माणसं राहतात त्या घरात कधीच नाही.

ती खिडकी डक्टमध्ये उघडत होती. डक्ट म्हणजे बाथरूमांच्या मागे तळापासून गच्चीपर्यंत जाणारी अरुंद पोकळी. पाइप तिच्यातून जातात आणि बाथरूममधली हवाही तिच्यातूनच वर निघून जाते. श्वास रोखून मी पट्ट्यांतून वर बघितलं. वर आभाळ दिसायला हवं होतं. वर अंधार होता.

खाली उतरून मी सगळ्यांना पॅसेजमधून बाल्कनीत ढकललं. "म्हात्रेसाहेब, डक्टवर काय टाकलंय?"

"पत्रा. पावसाचं पाणी यायचं, कबुतरं घाण करायची. गेल्या पावसाळ्याच्या आधी शेड मारली. साइडनी पण पॅक केलंय सगळं." त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"खालच्या मजल्यावर गॅस गीझर आहे?"

"आहे की. पहिल्या मजल्यावर, माझाच फ्लॅट आहे. भाड्याने दिलाय. नवीन लग्न झालेलं जोडपं आहे. तो पहाटे कामावर जातो, ती बँकेत आहे."

गॅस गीझर जळतो तेव्हा त्याचा धूर डक्टमधून वर जायला हवा. इथे वरचं तोंडच बंद. तो धूर डक्टमध्ये साचत होता, रानड्यांच्या बाथरूममध्ये शिरत होता आणि परत खाली गीझरकडेही जात होता. तीच जळकी हवा गीझर पुन्हा जाळत होता. जितकी हवा खराब, तितका कार्बन मोनॉक्साइड जास्त.

स्टुलावर असताना मी आणखी एक गोष्ट ऐकली होती. खालून गीझरचा भसभस आवाज येत होता. बादली भरून वाहत असल्याचाही.

"ती आत्ता अंघोळ करतेय का?" मी विचारलं.

रानडे आजोबा संकोचले. "या वेळेलाच करते. म्हणजे, गाणी म्हणते ना, ऐकू येतं." मग त्यांचा चेहरा बदलला. "आज नाही म्हणाली."

मी जिन्याकडे पळाले. माझं वय आणि माझे गुडघे बघता ते पळणं कसं दिसलं असेल कोण जाणे. मागून मनस्वीचा आवाज आला, "मॅडम, मी एकशे आठला फोन लावते!"

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार ठोठावलं. म्हात्रे मागोमाग आले होते. त्यांचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला, "श्वेता! ए श्वेता, दार उघड गं!" आतून काही नाही. फक्त पाणी.

"चावी आहे तुमच्याकडे?"

ती त्यांच्या जुडग्यात होती, पण घाईत ते भलत्याच चाव्या कुलपात घालून बघत होते. मी जुडगा त्यांच्या हातातून घेऊन दार उघडलं.

"मुलांनी आत यायचं नाही," मी ओरडले. "बाई, कोणालाही आत सोडू नका. म्हात्रेसाहेब, मोठा श्वास घ्या आणि आत गेल्यावर रोखून धरा."

बाथरूमचं दार फायबरचं होतं. म्हात्र्यांनी खांदा मारला. पहिल्यांदा ते नुसतं वाकलं, दुसऱ्यांदा कडीसकट आत गेलं. वाफेत काही दिसत नव्हतं. मी हात घालून आधी गीझरचा गॅस बंद केला. ती नळाखाली बसलेली होती, मान एका बाजूला कलंडलेली. गाल गुलाबी. ते गुलाबी गाल बघून मी जास्त घाबरले. या गॅसने माणूस कधीकधी असा दिसतो, हे आम्हाला सेफ्टी ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. चित्रातच बघितलं होतं.

दाराला टांगलेला टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला. म्हात्र्यांनी तिला लहान मुलीसारखं उचललं आणि थेट जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी आणून ठेवलं. मुख्याध्यापिकांनी स्वतःची ओढणी तिच्या अंगावर टाकली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"श्वास आहे," मी म्हणाले. होता. उथळ, पण होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यांवरून एकामागून एक बेल वाजल्याचे आवाज यायला लागले. मला वाटलं, लोक गोंधळ ऐकून बाहेर येताहेत. तो आदित्य होता. त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. प्रत्येक दारावर जाऊन तो एकच वाक्य बोलत होता, "काका, गीझर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे खाली चला." त्याच्या डोक्यात आलं होतं की डक्ट एकच आहे. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण त्या क्षणी मला त्या मुलीच्या श्वासाशिवाय काही सुचत नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. मी श्वेताबरोबर बसले. हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. आकडा अठ्ठ्याण्णव आला.

"ऑक्सिजन चांगला आहे. उपाशी होती का? चक्कर आली असेल."

"डॉक्टर, हा सीओ आहे," मी म्हणाले. "क्लिपला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. आकडा खोटा आहे." मीटरमध्ये साठलेलं रीडिंग त्याच्यापुढे धरलं.

त्याने एकदा मीटरकडे बघितलं, एकदा तिच्या गालांकडे. पुढचं वाक्य तो माझ्याशी नाही, नर्सशी बोलला. "मास्क. फुल फ्लो. आणि ब्लड गॅस पाठवा, लगेच."

दुपारी श्वेताने डोळे उघडले. नवरा शेजारी बसून नुसता रडत होता. तिने विचारलं, "नळ बंद केला का कोणी?"

मी बाहेर येऊन कॉरिडॉरच्या बाकावर बसले. मनस्वीचा फोन आला. "वाचली," एवढंच म्हणाले. तिने लगेच फोन आदित्यकडे दिला.

संध्याकाळी परत बिल्डिंगमध्ये गेले. आता लोक बोलायला लागले होते, आणि ते ऐकून मला सकाळपेक्षा मोठा धक्का बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सकाळच्या डोकेदुखीवर चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. चौथ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा शाळेत जाताना रोज उलटी करायचा. अभ्यास नको म्हणून नाटक करतो, असं म्हणून आईने त्याला धपाटे घातले होते. ती माउली हे सांगताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. एका डक्टभोवती इतकी घरं, प्रत्येक घरात आजार वेगळा, औषध वेगळं. कोणी कोणाशी बोललंच नव्हतं.

म्हात्रे गच्चीत होते. माणसं बोलवायला ते थांबले नव्हते. स्वतः पाना घेऊन शेडचे नट काढत होते. शर्ट घामाने भिजलेला, हाताला पत्रा लागून रक्त आलेलं. एरवी माझ्याशी नीट मराठी बोलणारा माणूस मुलांना बघून घरच्या बोलीवर आला. "पोरांनो, मना वाटला तुमी खेल करताव. ती माझे पोरीसारखी हाय रं." आदित्यने पत्र्याचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या काही दिवसांत त्या बिल्डिंगमधला एकूण एक गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर गेला. डक्टवर आता जाळी आहे. कबुतरं घाण करतात आणि त्यावर अजून कोणी तक्रार केलेली नाही. श्वेताचं डोकं महिनाभर जड राहिलं, बारीकसारीक गोष्टी विसरायची, मग हळूहळू सावरली. रानडे आजोबांची गोळी बंद झाली.

शाळेने प्रोजेक्ट परत सुरू केलं. मुख्याध्यापिकांचा फोन आला, आता उपकरण उत्तम आहे असं लिहून द्याल का? मी नाही म्हणाले. ते उत्तम नाहीच. मुलांचा डबा पन्नासला ऐंशी समजतो आणि पावसाळी हवेत बिथरतो. बाईंना ते पटेना. ज्याने जीव वाचवला त्याला मी नापास करते, असं त्यांना वाटलं. मनस्वीला मात्र बरोबर कळलं. तिने विचारलं, "मग आम्ही तुमच्याकडे आणून तपासले तर?" आता तिचा गट सुट्टीत आमच्या लॅबमध्ये येतो. सावंत सर आधी कुरकुरले. हल्ली ते स्वतःच मुलांना सिलिंडर कसा लावायचा ते दाखवतात आणि त्या नादात आमची डिलिव्हरी लेट करतात.

मला लोक विचारतात, यातून काय शिकायचं? गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका आणि डक्टचं तोंड बंद करू नका. आणि अलार्म वाजला तर आधी माणसं बाहेर काढा. तो खरा की खोटा, यावर मीटिंग नंतर घेता येते.